क्वांटम कॉम्प्युटर येतोय म्हणून एफडी मोडू नका

"गूगलच्या क्वांटम कॉम्प्युटरने पाच मिनिटांत सोडवलेले गणित साध्या कॉम्प्युटरला अब्जावधी वर्षे पुरले असते. हा कॉम्प्युटर सगळी उत्तरे एकाच वेळी तपासतो. दिवाळीपर्यंत सगळे पासवर्ड, यूपीआय, बँक खाती उघडी पडणार. कॅन्सरचे औषधही महिनाभरात निघणार. एफडी मोडा, सोने घ्या, नाहीतर खालच्या लिंकवर क्वांटम-सेफ खाते उघडा."

हा मेसेज सोलापुरात ग्रुपमागून ग्रुप फिरतोय. अशोक चौकात राहणाऱ्या माझ्या मामांनी यंत्रमाग विकून आलेला पैसा एफडीत ठेवलाय. त्याच्या व्याजावर मामा-मामींचे घर चालते. मेसेज वाचून ते बँकेतून मुदतीआधी एफडी मोडायचा फॉर्म घेऊन आले, सहीसुद्धा करून ठेवली. म्हणून आधी बँकेचेच बोलू.

ऑनलाइन व्यवहारांच्या कुलुपामागे बऱ्याच ठिकाणी एक गणित असते. दोन प्रचंड मूळ संख्यांचा गुणाकार करणे सोपे, पण नुसता गुणाकार हातात देऊन त्या दोन संख्या शोधायला सांगितले तर आजचे कॉम्प्युटर हात टेकतात. गणितज्ञ पीटर शोर यांनी १९९४ मध्ये दाखवून दिले की पुरेसा मोठा क्वांटम कॉम्प्युटर असला तर हे गणित सुटेल. इथपर्यंत खरे आहे. पण पुरेसा मोठा म्हणजे किती? गूगलमध्येच काम करणाऱ्या क्रेग गिडनी यांचा मे २०२५ चा पेपर हे मांडतो. याच गणितावर चालणारी २०४८ बिटांची आरएसए किल्ली फोडायला त्यांच्या हिशोबाने दहा लाखांच्या आसपास क्युबिट (क्वांटम कॉम्प्युटरमधले माहितीचे सर्वात छोटे एकक) लागतील आणि ते यंत्र जवळजवळ आठवडाभर न थांबता चालावे लागेल. मेसेजमध्ये ज्याचा डंका पिटलाय त्या गूगलच्या विलो चिपवर क्युबिट आहेत १०५. कुठे दहा लाख आणि कुठे १०५! शोर यांच्या पद्धतीने २००१ मध्ये १५ चे ३ आणि ५ असे अवयव पाडले गेले, २०१२ मध्ये २१ चे. २०४८ बिटांच्या किल्लीतली संख्या सहाशेहून जास्त अंकी असते. दिवाळीपर्यंत खाती उघडी पडणार हे कोणत्या आधारावर लिहिले?

एक गोष्ट मात्र मान्य करावी लागेल. याच गिडनी यांनी २०१९ मध्ये मार्टिन एकेरा यांच्यासोबत दोन कोटी क्युबिटांचा अंदाज दिला होता. सहा वर्षांत तो दहा लाखांवर आला, म्हणजे धोका काल्पनिक नाही. आज कुलूपबंद माहिती चोरून साठवायची आणि पुढे यंत्र आले की उघडायची, हेही शक्य आहे. संरक्षण खात्याच्या कागदांसाठी ही खरी काळजी आहे. म्हणूनच अमेरिकेच्या एनआयएसटी या मानक संस्थेने ऑगस्ट २०२४ मध्ये शोर यांच्या पद्धतीला दाद न देणारी, कुलपांची तीन नवी मानके जाहीर केली. ती साध्या कॉम्प्युटरवरच चालतात. बँकांनी कुलपे बदलायची आहेत, ते काम त्यांच्या आयटी खात्याचे. तुमचा आजचा ओटीपी दहा वर्षांनी कुणी वाचला तरी त्याचा काय उपयोग? उलट मुदतीआधी एफडी मोडली तर व्याज आजच कापले जाते आणि घरात सोने ठेवले की चोराची धास्ती आजपासूनच सुरू होते.

"सगळी उत्तरे एकाच वेळी" हे तर सपशेल चुकीचे आहे, आणि शिकलेली माणसेही ते बोलतात. क्युबिट एकाच वेळी अनेक अवस्थांच्या मिश्रणात असतात हे खरे, पण मोजायला गेले की हाती एकच उत्तर लागते, तेही नुसते सोडले तर कुठलेही. चुकीची उत्तरे एकमेकांना खोडून काढतील आणि बरोबर उत्तराचे पारडे जड होईल अशी मांडणी करावी लागते, आणि ती मोजक्याच प्रश्नांना जमते. जेकार्ड मागावर मोर विणता येतो म्हणून त्यावर ज्वारी दळता येत नाही, मामा.

पासवर्ड शोधण्यासाठी क्वांटम कॉम्प्युटरची एक पद्धत आहे, संशोधक ग्रोव्हर यांची १९९६ ची. ती शंभर कोटी शक्यतांचे काम सुमारे तीस हजार पायऱ्यांवर आणते. पण यूपीआयचा पिन तपासतो बँकेचा सर्व्हर, आणि काही वेळा चुकला की तो लॉक होतो. चार अंकी पिनच्या शक्यता अवघ्या १०,०००. हवे तितके प्रयत्न करू दिले तर साधा मोबाइलही तो शोधेल. तुम्हाला वाचवते ते हे लॉक, आणि ते क्वांटम कॉम्प्युटरलाही तितकेच लागू आहे.

पाच मिनिटांचा आकडा गूगलने डिसेंबर २०२४ मध्ये खरोखरच दिला होता. पण ते गणित खास अशा चाचणीसाठीच निवडलेले होते, आणि त्याचा प्रत्यक्षात काही उपयोग माहीत नाही असे गूगलनेच त्याच घोषणेत लिहिले. विलोचे मोठेपण दुसरीकडे आहे. क्युबिट वाढवले की चुका वाढण्याऐवजी कमी होतात, हे त्या चिपने दाखवले. संशोधकांना आनंद झाला तो याचा.

कॅन्सरचे म्हणाल, तर रेणूंचे वागणे समजून घेणे हे क्वांटम कॉम्प्युटरचे खरे भावी काम असू शकते. पण औषध सापडल्यावरही माणसांवरच्या चाचण्यांना वर्षे लागतात. महिनाभरात औषध निघणार म्हणून कुणी चालू उपचार थांबवले तर जबाबदार कोण?

राहिली ती लिंक. मामांच्या फोनवर मी ती पाहिली. आधार नंबर, डेबिट कार्डाचा नंबर आणि शेवटी ओटीपी मागते. अख्खा मेसेज या तीन रकान्यांसाठी लिहिलाय. क्वांटमपासून वाचवायला ग्राहकाने वेगळे खाते उघडावे लागत नाही. कुणी तिथे माहिती भरली असेल तर आधी बँकेला फोन करून कार्ड बंद करा आणि लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. पैसे गेल्यावर पहिले काही तास फार मोलाचे असतात, कारण रक्कम पुढच्या खात्यात सरकण्याआधी अडवता येते.