शॉकअप गाडी उचलत नाही, भाऊ

पावसाळा तोंडावर आला की नागपुरातल्या जुन्या मारुती जिप्सीवाल्यांच्या मोबाइलवर एक मेसेज फिरू लागतो: ‘कडक गॅस शॉकअप टाका, गाडी दोन इंच उचलते. वर 235/75 आर 15 टायर चढवा, चिखलात अडकणार नाही, ॲव्हरेजही वाढेल. बजेट नसेल तर मागचे दोनच टायर टाका.’

गाडी उचलते म्हणे! जिप्सीचं वजन चारही बाजूंनी पाट्यांवर, म्हणजे लीफ स्प्रिंगवर आहे. शॉकअप फक्त पाट्यांची उसळी तेलात जिरवतो. गॅसच्या दाबाने उंची वाढलीच तर काही मिलिमीटर. उंची पाट्यांनी किंवा शॅकलने (पाटा चासीला जोडणारी कडी) मिळते, शॉकअप त्या उंचीला जुळवून घ्यायचा असतो. मी उलटं केलं. एका दुकानदाराने ‘लिफ्टवाले’ लांब शॉकअप गळ्यात मारले, पाटे जुनेच ठेवले. उमरेड रोडवर एका खड्ड्यात धाडकन आवाज आला. खाली वाकून पाहतो तर रॉड वाकडा आणि सीलमधून तेलाची धार. ॲक्सल रबर स्टॉपरला टेकायच्या आधीच शॉकअप आतून तळाला लागला होता.

म्हणून आधी टेप घ्या. गाडी सपाट जागी उभी करून शॉकअपच्या दोन बोल्टांमधलं अंतर मोजा, त्यातून ॲक्सल ते स्टॉपर अंतर वजा करा. पूर्ण दाबलेला शॉकअप त्याहून आखूडच हवा. मग चाक लटकतं ठेवून पुन्हा मोजा. पूर्ण उघडलेला शॉकअप त्याहून लांब हवा. आणि कडकपणाचं म्हणाल, तर सहा पर्यटक घेऊन पेंचला जाणारी जिप्सी वेगळी, रविवारी रिकामी फिरणारी वेगळी. रिकाम्या गाडीत कडक शॉकअप म्हणजे गिट्टीवर नुसत्या उड्या.

टायरचं थोडं खरं आहे. ॲक्सलचा गोळा, म्हणजे मधला डिफरन्शियलचा फुगवटा, जमिनीपासून उचलायचा तर टायरच मोठा लागतो, लिफ्टने तो जागचा हलत नाही. पण कंपनीचा 205/70 टायर 668 मिमी उंच, 235/75 साधारण 733. गोळ्याखालची जागा वाढते या फरकाच्या निम्मी, 33 मिमी. त्यासाठी 1.3 लिटरच्या इंजिनला दहा टक्के उंच गिअर ओढायचा, चढावर क्लच जाळायचा आणि पॉवर नसलेलं स्टिअरिंग दंडाने वळवायचं. आपल्या काळ्या मातीत तर खाचा भरल्या की रुंद टायरचाही गुळगुळीत लाडू होतो. तिथे खोल खाचा आणि उतरवलेली हवा जास्त कामाची. मी 215/75 वर थांबलो.

ॲव्हरेज? मीटरवर 100 किमी होतात तेव्हा गाडी 110 धावलेली असते, त्यामुळे मीटर धरून काढलेलं ॲव्हरेज उलट कमीच दिसेल. काटा 60 वर असताना खरा वेग 66, हेही लक्षात असू द्या.

सगळ्यात घातक सल्ला शेवटचा, मागचे दोनच टायर बदलायचा. जिप्सीत पुढचा आणि मागचा ॲक्सल यांच्या मधे, दोघांना वेगळ्या गतीने फिरू देणारं सेंटर डिफरन्शियल नाही. फोर-बाय-फोर टाकलं, पुढच्या चाकांचे हब लॉक केले की दोन्ही शाफ्ट एकाच गतीने फिरतात. चाकाच्या एका फेऱ्यात पुढचा टायर 2.10 मीटर जाणार, मागचा 2.30. चिखलात चाकं घसरून हे 20 सेंमी निघून जातात. डांबरावर टायर घासतात, नाहीतर ट्रान्सफर केसचे (पुढे-मागे ताकद वाटणारी पेटी) गिअर आणि शाफ्टच्या सांध्यातले क्रॉस ताण खातात. टायर टाकायचे तर चारही एका मापाचे, एकसारखे झिजलेले. स्टेपनीही त्याच मापाची. फक्त ती मागच्या दारावर लटकते, तेव्हा बिजागऱ्या आधी तपासा.