टार्सिअरच्या ‘आत्महत्ये’चा दावा तपासताना

फिलिपिन्समधील टार्सिअर या मुठीएवढ्या निशाचर प्राण्याविषयीचा एक मजकूर, बटबटीत डोळ्यांच्या छायाचित्रासह, समाजमाध्यमांवर वारंवार फिरत असतो. त्यातील विधाने थोडक्यात अशी: हे जगातील सर्वांत लहान माकड आहे, त्याचे डोके पूर्ण गोल फिरते, त्याचा डोळा मेंदूपेक्षा मोठा असल्यामुळे त्याला भावनांवर ताबा ठेवता येत नाही, तो जवळजवळ मुका आहे, आणि माणसाने पकडल्यास, स्वातंत्र्य गमावल्याचे दुःख सहन न होऊन, तो डोके आपटून किंवा श्वास रोखून आत्महत्या करतो. यातील काही विधानांत तथ्याचा अंश आहे आणि त्यामुळेच शेवटचे विधानही वाचणाऱ्याला सहज पटून जाते.

‘सर्वांत लहान’ हा मुद्दा लवकर निकालात निघतो. फिलिपिन्सचा टार्सिअर साधारण ८० ते १६० ग्रॅम वजनाचा असतो. मादागास्करमधील मादाम बर्थचा मूषक-लेमूर मात्र जेमतेम ३० ग्रॅमचा असून, नरवानर गणातील (म्हणजे लेमूर, माकडे, वानर आणि माणूस यांच्या गटातील) सर्वांत लहान प्राणी म्हणून आज त्याचीच नोंद होते. खुद्द टार्सिअरांमध्येही इंडोनेशियातील सुलावेसी बेटाच्या डोंगरांत राहणारी खुजी जाती फिलिपिन्सच्या टार्सिअरहून बरीच लहान आहे.

‘माकड’ या शब्दाबाबत थोडे थांबावे लागते, कारण येथे चूक दुरुस्त करणारेही बहुधा दुसरी चूक करतात. टार्सिअर हा माकड नव्हे, हे खरे. पण म्हणून तो लेमूर किंवा आपल्याकडील लोरिस यांचा जवळचा नातलगही ठरत नाही. लोरिसच्या डोळ्यात दृष्टिपटलामागे प्रकाश परावर्तित करणारा थर असतो, ज्यामुळे विजेरीच्या झोतात त्याचे डोळे चमकतात. टार्सिअरच्या डोळ्यात हा थर नसतो. उलट, माकडांच्या आणि माणसांच्या डोळ्यात असतो तसा, बारीक तपशील टिपणारा पीतबिंदू त्याच्या दृष्टिपटलावर आढळतो. त्याचे नाक लेमूरसारखे ओले नसते आणि आपल्याप्रमाणेच त्याचे शरीरही क जीवनसत्त्व तयार करू शकत नाही. या आणि अशा इतर पुराव्यांवरून टार्सिअर हा माकडे, वानर आणि माणूस यांच्या बाजूच्या शाखेत मोडतो. दिवसा वावरणाऱ्या पूर्वजांचा हा वंश पुढे रात्रीकडे वळला आणि परावर्तक थर नसल्याची उणीव त्याने डोळ्याचा आकार वाढवून भरून काढली, असे स्पष्टीकरण सामान्यतः दिले जाते.

मेंदूचा मुद्दा यातूनच सुटतो. टार्सिअरच्या डोळ्याचा व्यास सुमारे १६ मिलिमीटर असतो आणि एका डोळ्याचे आकारमान मेंदूइतके किंवा त्याहून किंचित अधिक भरते, हे खरे आहे. मात्र त्यावरून भावनांविषयी निष्कर्ष काढणे हा तर्क नसून शब्दांचा खेळ आहे. मोठा डोळा अंधारात किडा हेरण्यासाठी असतो आणि तो मेंदूपेक्षा मोठा असण्याचा मनःसंयमाशी काडीचा संबंध नाही. हे डोळे खोबणीत जवळजवळ हलत नाहीत, म्हणून मान फिरवावी लागते. ती दोन्ही बाजूंना प्रत्येकी सुमारे १८० अंश फिरते, म्हणजे प्राण्याला सरळ पाठीमागे पाहता येते. दोन्ही बाजूंची बेरीज करून ‘३६० अंश’ म्हणणे आणि मान एकाच दिशेने पूर्ण वर्तुळ घेते असे सुचवणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

मुकेपणाचा समज २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनानंतर तरी टिकायला नको होता. तोंड उघडे, पण आवाज नाही, असे दिसणारे हे प्राणी प्रत्यक्षात ७० किलोहर्ट्झच्या आसपास साद घालत असल्याचे त्यात नोंदवले गेले. त्यांची श्रवणमर्यादा सुमारे ९१ किलोहर्ट्झपर्यंत जाते, तर माणसाची मर्यादा २० किलोहर्ट्झला संपते. ही श्रवणक्षमता मोजण्यासाठी टार्सिअर पकडून, त्यांना गुंगीचे औषध देऊन चाचण्या घ्याव्या लागल्या होत्या, ही बाब पुढील मुद्द्यासाठी लक्षात ठेवण्याजोगी आहे.

आता मुख्य दावा. आत्महत्या म्हणजे मृत्यू म्हणजे काय हे जाणून तो हेतुपुरस्सर ओढवून घेणे. टार्सिअरला अशी जाण असल्याचे दाखवणारे एकही निरीक्षण हा मजकूर देत नाही. श्वास रोखून मरणे तर शरीरक्रियेलाच मान्य नाही: रक्तातील कार्बन डायऑक्साइड वाढला की मेंदूचा तळाचा भाग श्वास घ्यायला भाग पाडतो, आणि शुद्ध हरपली तरी श्वसन आपोआप सुरू होते. शिवाय, पकडल्याने हे प्राणी जीव देत असते, तर त्यांच्याविषयी आपल्याला आज जे माहीत आहे, त्यातील बरेचसे कळलेच नसते. बोहोल बेटावरील कोरेला येथे टार्सिअर पकडून, गळ्यात रेडिओ-पट्टा बांधून पुन्हा जंगलात सोडण्यात आले आणि त्यांच्या हालचालींवरून नराचे क्षेत्र सरासरी ६.४५ हेक्टर, तर मादीचे २.४५ हेक्टर असल्याचे २००२ साली मांडण्यात आले. सुलावेसीच्या खुज्या टार्सिअरचा २००८ मध्ये पुन्हा शोध लागला, तेव्हाही पकडलेल्या प्राण्यांना असेच पट्टे बांधण्यात आले होते. पट्टा बांधलेला प्राणी जीव देण्याऐवजी रात्रभर टोळ शोधत फिरतो, हे या अभ्यासांचे साधे निरीक्षण आहे.

मग पिंजऱ्यात ते दगावतात, हे खोटे का? मुळीच नाही. बंदिवासात टार्सिअर सांभाळण्याचा इतिहास निराशाजनक आहे आणि त्यांचे प्रजनन तेथे फार थोड्या वेळा यशस्वी झाले आहे. त्याची कारणे मात्र त्यांच्या जीवनक्रमात आहेत. हा नरवानर गणातील पूर्णतः मांसाहारी प्राणी आहे: टोळ, रातकिडे, पाली, क्वचित लहान पक्षी, आणि तेही जिवंत. फळे, भात किंवा मेलेले किडे समोर ठेवल्यास तो उपाशी राहतो. त्याच्या घोट्याची हाडे विलक्षण लांबलेली आणि पायाची दोन हाडे खालच्या भागात जुळलेली असतात. उभ्या खोडाला बिलगून एका झेपेत तीन मीटरहून अधिक अंतर कापणे, हीच त्याची चाल. असा प्राणी हातभर पिंजऱ्यात घाबरून उडी मारतो, तेव्हा समोर जाळी असते. मोठ्या नेत्रकोटरांची नाजूक कवटी तिच्यावर आपटते. पाहणाऱ्याला ‘डोके आपटून घेतले’ असे दिसते. प्रत्यक्षात तो पळून जाण्याचा प्रयत्न असतो. त्यात दिवसा झोपेतून उठवणे, हाताळणे, तोंडावर कॅमेऱ्याचा झोत मारणे यांची भर पडते. दीर्घकाळचा ताण भूक, पचन आणि रोगप्रतिकार यांना पोखरतो. म्हणून ‘ताणामुळे मरतो’ हे म्हणणे स्वीकारता येईल. ‘आत्महत्या करतो’ म्हटल्याने मात्र मृत्यूचे कारण पिंजरा, आहार आणि पर्यटकांचे हात यांच्यावरून उचलून त्या प्राण्याच्या इच्छेवर ठेवले जाते. मालकाला याहून सोयीचे निदान कोणते!

काही जण असा बचाव करतात की, गोष्ट खोटी असली तरी तिच्यामुळे लोक या प्राण्याला हात लावणार नाहीत. भीती घालून काही हात मागे जातीलही. पण ज्याला वाटते की टार्सिअर मानी असल्याने मरतो, तो त्याला गोंजारून ‘खूश’ ठेवण्याचा प्रयत्न करण्याचीच शक्यता अधिक. फिलिपिन्स सरकारने १९९७ च्या घोषणा क्रमांक १०३० द्वारे टार्सिअरला विशेष संरक्षित प्राणी जाहीर केले आणि २००१ च्या वन्यजीव कायद्याने परवान्याविना वन्यजीव पकडणे व बाळगणे गुन्हा ठरवले. कोरेला येथील अभयारण्यात पाहुण्यांना दिलेल्या सूचनाही तितक्याच रोकठोक आहेत: स्पर्श करू नये, फ्लॅश वापरू नये, आवाज करू नये. या सूचना पटवून देण्यासाठी झोपलेल्या निशाचर प्राण्याची दिवसा झोप मोडते, एवढे कारण पुरेसे आहे.