हॉरर कॉमेडी फक्त ब्रिटिशांनाच जमते?

सिनेमावर मनापासून प्रेम करणाऱ्या मंडळींत एक मत इतकं रुजलं आहे की ते आता कुणी तपासूनही बघत नाही. हॉरर कॉमेडी, म्हणजे एकाच वेळी घाबरवणारा आणि हसवणारा चित्रपट, खऱ्या अर्थाने ब्रिटिशांनाच जमते, असं ते मत. का? तर त्यांचा विनोद कोरडा, स्वभाव संयमी, हवा कुंद. २००४च्या ‘शॉन ऑफ द डेड’ या झॉम्बींच्या, म्हणजे उठून माणसांना खाणाऱ्या प्रेतांच्या, ब्रिटिश चित्रपटाने हा प्रकार सुरू केला, अमेरिकेने त्यात रक्ताचे सडे घातले, बाकीच्या देशांनी नकला मारल्या आणि आपल्याकडे तर बोलायलाच नको. हे एवढ्या ठामपणे सांगितलं जातं की नवा प्रेक्षक ते गृहीत धरूनच सुरुवात करतो.

मला हे ब्रिटिश चित्रपट फार आवडतात, आणि म्हणूनच हा दावा खोडून काढावासा वाटतो. वरवर ती त्या चित्रपटांची स्तुती आहे. पण ते कोणी केले, कुठे केले, कोणाकडून शिकून केले, हे सगळं त्या स्तुतीत पुसलं जातं.

‘सुरुवात शॉनने केली.’ नाही. तो लिहिणारे दिग्दर्शक एडगर राइट आणि नायक सायमन पेग यांनी तसा दावा कधी लपूनछपूनही केलेला नाही. चित्रपटाचं नावच मुळी अमेरिकन दिग्दर्शक जॉर्ज रोमेरो यांच्या १९७८च्या ‘डॉन ऑफ द डेड’वर बेतलेलं आहे, आणि त्या चित्रपटात विनोद भरपूर आहे. मॉलमध्ये घुसलेली मोटरसायकलवाली टोळी झॉम्बींच्या तोंडावर चक्क क्रीमचे केक फेकते, अगदी मूकपटातल्या विनोदवीरांसारखी. रोमेरोंना ‘शॉन’ इतका आवडला की २००५च्या ‘लँड ऑफ द डेड’मध्ये त्यांनी राइट आणि पेग या दोघांना झॉम्बी म्हणून उभं केलं. ‘शॉन’चं बीज याच जोडगोळीच्या ‘स्पेस्ड’ या टीव्ही मालिकेतल्या एका भागात सापडतं. त्यात नायक रात्रभर ‘रेसिडेंट ईव्हिल २’ हा व्हिडिओ गेम खेळतो आणि त्याला घरात झॉम्बी दिसू लागतात. तो खेळ जपानी. म्हणजे सगळ्यात ‘ब्रिटिश’ मानल्या गेलेल्या चित्रपटाचं आजोळ अमेरिकेत आणि जपानमध्ये आहे.

बरं, खुद्द ब्रिटनमध्येही ‘शॉन’ पहिला नव्हता. हॅमर या ब्रिटिश चित्रपट कंपनीच्या भयपटांची यथेच्छ टर उडवणारा ‘कॅरी ऑन स्क्रीमिंग’ १९६६चा आहे. त्याच्याही मागे गेलं तर १९३२चा ‘द ओल्ड डार्क हाऊस’ लागतो. धो धो पावसात अडकलेले प्रवासी, वेल्समधलं एक पडीक घर आणि त्यात राहणारं विक्षिप्त कुटुंब. दिग्दर्शक जेम्स व्हेल इंग्लंडमधल्या डडलीचे, मूळ कादंबरी जे. बी. प्रीस्टली यांची, त्यातले नट बोरिस कार्लॉफही जन्माने इंग्रजच. पण हा चित्रपट बनला हॉलीवूडच्या युनिव्हर्सल स्टुडिओत, अमेरिकन पैशांवर. आता हा कोणाच्या खात्यात टाकायचा? माझं म्हणणं इतकंच की इथून पुढे या प्रकाराचा इतिहास एका देशाच्या वहीत मावतच नाही.

‘हा ब्रिटिश स्वभावाचा गुण आहे, बाहेरच्याला तो साधणार नाही.’ दाव्याचा कणा हाच, आणि तो सगळ्यात कच्चा आहे.

ब्रिटिश हॉरर कॉमेडीची यादी करायला बसलेला माणूस ‘अ‍ॅन अमेरिकन वेअरवुल्फ इन लंडन’ (१९८१) वगळूच शकत नाही. यॉर्कशरचा माळ, धुकं, लंडनची भुयारी रेल्वे, पिकॅडिली सर्कस, सगळं आहे. आणि तो पब! दोन परदेशी पोरं आत येतात. भिंतीवर रंगवलेल्या पाच टोकांच्या चांदणीबद्दल त्यांच्यातला एकजण भाबडेपणाने विचारतो आणि सगळा पब एका क्षणात गप्प होतो. डार्ट फेकणाऱ्या माणसाचा नेम चुकतो, आणि तो तक्रार करतो ती नेम चुकल्याची. एखाद्या जमातीचा घुमेपणा, परक्याबद्दलची अढी आणि खाली दबून असलेली भीती एवढ्या थोडक्यात क्वचितच कुणी दाखवली असेल. हे लिहिलं कोणी? जॉन लँडिसने. शिकागोत जन्मलेला, हॉलीवूडमध्ये वाढलेला माणूस. त्याने स्वतः अनेकदा सांगितलं आहे की कल्पना सुचली ती १९६९मध्ये युगोस्लाव्हियात. तिथे एका चित्रपटाच्या युनिटमध्ये तो काम करत होता आणि रस्त्यात त्याने रोमा या भटक्या जमातीच्या लोकांना एक प्रेत पुरताना पाहिलं. मेलेला परत उठू नये म्हणून ते त्याला पाय खाली करून उभं पुरत होते. नायक माणसाचा लांडगा बनतो तो प्रसिद्ध प्रसंग उभा करून मेकअपचं ऑस्कर मिळवणारा रिक बेकरही अमेरिकन. आणि या चित्रपटातला सगळ्यात ‘कोरडा’ विनोद ज्याच्या तोंडी आहे तो जॅक, गळ्याचं मांस लोंबत असताना मित्राच्या हॉस्पिटलच्या खोलीत येऊन नाश्त्यातला टोस्ट मागणारा मेलेला मित्र, तोही अमेरिकनच.

याहून गंमतीचं उदाहरण १९३५च्या ‘द घोस्ट गोज वेस्ट’चं. एक अमेरिकन धनाढ्य स्कॉटलंडमधला जुना किल्ला विकत घेतो, दगड न् दगड सुटा करून फ्लोरिडाला नेतो, आणि किल्ल्यातलं भूतही सोबत जहाजावर चढतं. ब्रिटिश निर्मिती म्हणून हा चित्रपट मिरवला जातो. दिग्दर्शक फ्रेंच, रेने क्लेअर. निर्माते अलेक्झांडर कोर्डा, जन्माने हंगेरियन. पटकथेत मोठा वाटा अमेरिकन नाटककार रॉबर्ट शेरवुड यांचा. १९६७चा ‘द फिअरलेस व्हॅम्पायर किलर्स’ ब्रिटनच्या स्टुडिओत चित्रित झाला, तो पोलंडहून आलेल्या रोमान पोलान्स्कींनी केला. इतक्या परक्यांना जे साधलं, ते ब्रिटिशांच्या रक्तात असतं असं म्हणायचं तरी कसं?

मग या चित्रपटांत खास ब्रिटिश असं काहीच नाही का? आहे, आणि भरपूर आहे. ‘शॉन’मध्ये नायक दोन दिवस सकाळी घरातून कोपऱ्यावरच्या दुकानात जातो. दोन्ही वेळा सलग शॉट, तोच रस्ता, तोच फ्रिज. दुसऱ्या दिवशी फ्रिजच्या काचेवर रक्ताचे पंजे उमटलेले असतात, जमिनीवरच्या रक्तावरून त्याचा पाय सटकतो आणि त्याच्या काही म्हणजे काही लक्षात येत नाही. नोकरी, पब आणि सोफा यांत माणूस आधीच अर्धमेला झालेला आहे, हे एकाही संवादाशिवाय कळतं. पुढे त्याच्या सावत्र वडिलांना झॉम्बी चावतो. जखम नळाखाली धुतली आहे, काही काळजी नको, असं ते सांगतात. आईला चावतो तर ती मुलाला त्रास नको म्हणून ते लपवूनच ठेवते. तिच्या या भिडस्तपणावर आपण हसतो आणि थोड्याच वेळात त्याच भिडस्तपणामुळे मुलाला आईवर बंदूक रोखावी लागते. पेनेलोपी विल्टन यांनी ती आई इतकी खरी केली आहे की तिथे माझा प्रत्येक वेळी कंठ दाटतो.

‘साइटसीअर्स’ (२०१२) मधलं जोडपं कॅरव्हान घेऊन उत्तर इंग्लंड बघायला निघतं, आणि पहिला खून होतो तो ट्राम म्युझियममध्ये कचरा टाकणाऱ्या माणसाचा. ‘अटॅक द ब्लॉक’ (२०११) मध्ये दक्षिण लंडनच्या सरकारी वसाहतीतली पोरं ज्या नर्सला लुबाडतात, ती त्यांच्याच इमारतीत राहणारी निघते. हे सगळं त्या समाजाकडे डोळे उघडे ठेवून बघितल्याने येतं. वर्ग, शिष्टाचार, शेजार, पब. लेखकाने घेतलेल्या मेहनतीला वंशाचा गुण म्हणणं हा त्या लेखकावरच अन्याय आहे.

‘ब्रिटिश संयमी, बाकीचे नुसते रक्तबंबाळ.’ ज्याने ‘शॉन’ शेवटपर्यंत पाहिला आहे त्याने हे म्हणू नये. पबच्या खिडकीतून शॉनच्या सोबतच्या डेव्हिडला बाहेर ओढून त्याची आतडी काढतात, तो प्रसंग कुठल्याही अमेरिकन झॉम्बीपटाच्या तोडीस तोड आहे. ‘कॅरी ऑन’ या ब्रिटिश विनोदी चित्रपटमालिकेचा चावटपणाही संयमात बसणारा नाही.

उलट बाजू जास्त बोलकी आहे. पीटर जॅक्सनचा ‘ब्रेनडेड’ (१९९२) रक्ताच्या धबधब्यासाठी कुप्रसिद्ध आहे. शेवटी नायक गवत कापायचं यंत्र छातीशी धरून झॉम्बींच्या गर्दीत शिरतो, हे सगळ्यांना माहीत असतं. पण मला त्यातला श्रेष्ठ प्रसंग वाटतो तो जेवणाच्या टेबलावरचा. काळ १९५७, गाव न्यूझीलंडचं वेलिंग्टन. एका प्रतिष्ठित महिला मंडळाची माणसं घरी जेवायला आली आहेत. यजमानीण बाई आतून सडत चालली आहे, पण पाहुण्यांसमोर शोभा होता कामा नये. तिचा कान गळून पुडिंगच्या वाटीत पडतो आणि ती तो खाऊन टाकते. चारचौघांत अब्रू राखण्याचा हा अट्टाहास, ज्याला आपण खास इंग्लिश समजतो, तो न्यूझीलंडच्या माणसाने ‘शॉन’च्या बारा वर्षं आधी याहून निर्दयपणे उघडा केला. हाच जॅक्सन त्याआधी वेलिंग्टनच्या एका वर्तमानपत्रात नोकरी करत रविवार-रविवार जोडून ‘बॅड टेस्ट’ (१९८७) चित्रित करत होता आणि परग्रहवासीयांचे मुखवटे आईच्या ओव्हनमध्ये भाजत होता. पुढे न्यूझीलंड फिल्म कमिशनने पैसे दिले म्हणून तो पुरा झाला. एखाद्या देशात हा प्रकार का बहरतो याचं उत्तर शोधायचं तर हवेपेक्षा असल्या संस्थांकडे आणि असल्या हट्टी माणसांकडे बघावं.

‘बाकीच्यांनी नक्कल केली.’ कोणी कोणाची? हाँगकाँगमध्ये नट-दिग्दर्शक सॅमो हंगने ‘एन्काउंटर्स ऑफ द स्पूकी काइंड’ १९८० सालीच केला होता, आणि त्याच्याच निर्मितीत १९८५ला रिकी लाऊ दिग्दर्शित ‘मिस्टर व्हॅम्पायर’ आला. दोन्ही हात पुढे ताठ धरून उड्या मारत येणारी प्रेतं, श्वास रोखला की त्यांना आपण दिसत नाही हा नियम, कपाळावर चिकटवायचा पिवळा मंतरलेला कागद. भय आणि विनोद दोन्ही इथे शरीरातून येतात, कारण हंग लहानपणापासून पेकिंग ऑपेराच्या, म्हणजे पारंपरिक चिनी संगीत नाटकाच्या, कडक शाळेत कसरत शिकलेला. आणि एक नाजूक कारागिरी बघा. प्रेताचं विष उतरवायला चिकट तांदूळच लागतो, साधा चालत नाही. शिष्य तांदूळ आणायला बाजारात जातो आणि दुकानदार चार पैशांसाठी त्यात साधा तांदूळ मिसळतो. त्या भेसळीपायी एका माणसाचा जीव टांगणीला लागतो. ही कल्पना ब्रिटनमधून आलेली नाही, आणि तिला यायची गरजही नव्हती.

कोरियाच्या ‘द क्वाएट फॅमिली’वरून (१९९८) जपानमध्ये ताकाशी मिईकेने गाण्यानाचाचा ‘द हॅपिनेस ऑफ द काताकुरिस’ (२००१) केला. जपानच्या ‘वन कट ऑफ द डेड’ने (२०१७) सदतीस मिनिटांच्या सलग शॉटने सुरुवात केली. फक्त तीस लाख येनमध्ये, म्हणजे एखाद्या जाहिरातीच्याही बजेटपेक्षा कमी पैशात. त्याची फ्रेंच आवृत्ती २०२२च्या कान महोत्सवाचा उद्घाटनाचा चित्रपट होती. क्युबाच्या ‘हुआन ऑफ द डेड’ने (२०११) नाव ‘शॉन’कडूनच घेतलं, हे मान्य. पण आत काय आहे? हवानात झॉम्बी फिरत आहेत आणि सरकारी बातम्या सांगतात की हे अमेरिकेने पोसलेले फुटीर आहेत. हुआन लगेच धंदा टाकतो, ‘तुमची लाडकी माणसं आम्ही मारून देतो’. या विनोदासाठी हवानातच राहिलेला माणूस लागतो.

तुलनेची पद्धतही चुकीची आहे. ब्रिटनचे निवडक चार उत्तम चित्रपट एका पारड्यात आणि इतरांचा सरसकट माल दुसऱ्यात. ‘लेस्बियन व्हॅम्पायर किलर्स’ (२००९) हाही ब्रिटिशच आहे, आणि समीक्षकांनी त्याला झोडपून काढलं होतं.

राहिला शेवटचा मुद्दा, ‘आपल्याकडे तर बोलायलाच नको’. बोलूया की. चंदेरीच्या ‘स्त्री’मध्ये (२०१८) रात्री घराबाहेर पडायची भीती पुरुषांना वाटते आणि बायका त्यांना सांभाळून राहायला सांगतात. एवढ्या एका उलट्या मांडणीतून चित्रपटगृहभर हशा पिकतो आणि तो हशा टोचतोही. बंगालीतल्या ‘भूतेर भविष्यत’मध्ये (२०१२) कोलकात्याच्या जुन्या वाड्यातली भुतं बिल्डरच्या तावडीतून आपली जागा वाचवायला धडपडतात, आणि त्यांच्यात एका ब्रिटिश साहेबाचंही भूत आहे. आदित्य सरपोतदारच्या ‘झोंबिवली’ने (२०२२) डोंबिवलीत टॉवर आणि झोपडपट्टी समोरासमोर उभी केली आणि मध्ये पाण्याचा प्रश्न ठेवला. तो सगळीकडे सारखा जमलेला नाही, उत्तरार्धात पकड सुटते. पण त्यातली भीती डोंबिवलीचीच आहे.

आणि ‘झपाटलेला’. १९९३. कल्पना ‘चाइल्ड्स प्ले’ (१९८८) या खुनी बाहुल्याच्या अमेरिकन भयपटावरून घेतली, हे उघड आहे. पण अमेरिकन बाहुला ही कारखान्यात बनून दुकानात आलेली वस्तू होती. महेश कोठारे यांनी ती कल्पना बोलक्या बाहुल्यांच्या दुनियेत आणली, जी महाराष्ट्राने य. के. पाध्ये यांच्या अर्धवटरावांपासून रंगमंचावर पाहिली होती, आणि बाहुला घडवायला त्यांचेच चिरंजीव रामदास पाध्ये होते. समोर लक्ष्मीकांत बेर्डे. घाबरताना त्यांचे डोळे, थरथरणारे ओठ, मध्येच अडकणारा आवाज बघा. ते घाबरलेले बघून आपण हसतो, आणि त्यांची भीती खरी वाटते म्हणून बाहुल्यालाही घाबरतो. त्या काळी तात्या विंचूच्या धास्तीने पलंगाखाली वाकून बघणारी पोरं आज चाळिशीला आली आहेत आणि त्यांची पोरं घरात ‘ओम फट् स्वाहा’ म्हणत फिरतात.