उठाबशा म्हणजे मेंदूचा व्यायाम नव्हे

‘मास्तरांच्या छडीनेच आमची पिढी घडली. आता कायद्याने शिक्षकांचे हात बांधलेत, नुसतं ओरडलं तरी जेल! कान धरून उठाबशा ही शिक्षा नाही, मेंदू तल्लख करणारा योग आहे, परदेशी शास्त्रज्ञांनीही मान्य केलंय.’ हा मेसेज कितीतरी ग्रुपांवर फिरतोय. परवा मावशीने तो थेट नातवाच्या वर्गशिक्षिकेला पाठवला, वर ‘आमची पूर्ण परवानगी आहे’ असंही लिहिलं. नातू पाचवीत आहे. आता गप्प बसवत नाही.

आधी उठाबशा, कारण सगळ्यात घातक तेच आहे. स्वतःहून दहा-पंधरा काढल्या, दमलं की थांबलं, तर तो व्यायाम. शिक्षेत कधी थांबायचं ते मुलाच्या हातात नसतं. वर्ग बघत असतो, कोणीतरी मोठ्याने मोजत असतं. 2017 साली कोल्हापूर जिल्ह्यात, चंदगड तालुक्यात, आठवीतल्या मुलीला 500 उठाबशा काढायला लावल्या. पोरीला दवाखान्यात भरती करावं लागलं. सवय नसताना शेकड्यांनी उठाबशा काढल्या की मांडीचे स्नायू तुटतात, त्यातली द्रव्यं रक्तात उतरतात, लघवी काळपट तपकिरी होते आणि मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. कुठलाही शास्त्रज्ञ याला योग म्हणणार नाही.

‘ओरडलं तरी जेल’ हे धादांत खोटं. शिक्षण हक्क कायदा, 2009 मधलं कलम 17 वाचा, दोनच उपकलमं आहेत. मुलाला शारीरिक शिक्षा करायची नाही, मानसिक छळ करायचा नाही. केला तर सेवाशर्तींनुसार शिस्तभंगाची कारवाई. त्या कलमात तुरुंगाचा शब्दही नाही. पोलिसांत गुन्हा जातो तो मुलाला इजा केली, छळलं तर, आणि तो जायलाच हवा. पालकांनी परवानगी दिली तर मारा, अशी सवलतही त्यात नाही, मावशी.

राहिली छडीने घडलेली पिढी. राष्ट्रीय बाल हक्क संरक्षण आयोगाने 2009-10 मध्ये सात राज्यांतल्या 6,632 मुलांना विचारलं. शाळेत कुठलीच शिक्षा झाली नाही असं सांगणारी फक्त 9 निघाली. म्हणजे डॉक्टर झालेल्यानेही मार खाल्ला आणि सातवीत शाळा सोडलेल्यानेही. मग श्रेय छडीला कसं? शाळा सोडलेला असले मेसेज लिहीत नाही, एवढंच.

एक मान्य करते, नाइलाजाने. एका वर्गात साठ मुलं, त्यात निवडणुकीची कामं, समुपदेशकाचा पत्ता नाही. शिक्षकांचा जीव मेटाकुटीला येतो हे खरं. पण मग शिक्षक वाढवा म्हणून शिक्षणाधिकाऱ्यांकडे जा. पोराच्या पायांवर तो राग कशाला?

मावशीने त्या बाईंना दुसरा मेसेज पाठवून परवानगी मागे घ्यावी, आजच. आणि कुणाच्या मुलाला अशी शिक्षा झालीच, तर 1098 वर फोन करा. मुलांसाठीच्या सरकारी हेल्पलाइनचा हा नंबर चोवीस तास चालू असतो.