'तुमच्यासारख्यांनी' या शब्दाबद्दल

अ‍ॅनिमेच्या, म्हणजे जपानी अ‍ॅनिमेशनपटांच्या आणि मालिकांच्या, इंग्रजी डबिंगची बाजू घेणाऱ्या माझ्या मागच्या लेखावर 'अनामिक' या नावाने एक प्रतिक्रिया आली. तिच्यात तीन गोष्टी आहेत. डिस्नेने 'किकीज डिलिव्हरी सर्व्हिस' या सिनेमाच्या इंग्रजी डबिंगमध्ये मुळात नसलेले संवाद घुसडले. 'प्रिन्सेस मोनोनोके' या सिनेमाचं भाषांतर इंग्रजी लेखक नील गेमनने केलं असं मी लिहिलं, ते चूक. आणि शेवटी हे वाक्य: 'तुमच्यासारख्यांनी इंग्रजी आवाजांचं कौतुक करणं म्हणजे पुरणपोळी टोमॅटो सॉसशी खाऊन तिला नावाजणं, डबिंगवाल्यांनी अ‍ॅनिमे पाहिलेलाच नसतो.'

गेमनबद्दल तुमचं बरोबर. त्याच्यासमोर शब्दशः केलेलं भाषांतर ठेवलं होतं, त्यावरून त्याने इंग्रजी संवाद लिहिले. लेखात दुरुस्ती केली आहे, आभार. किकीचं म्हणाल तर जीजी मांजराच्या तोंडी १९९८ च्या डबिंगमध्ये जादा बडबड आहे, पण २०१० च्या डीव्हीडीत त्यातली बरीचशी काढून टाकली. तो विषय तिथेच संपला.

आता ते वाक्य.

'तुमच्यासारख्या' म्हणजे नेमक्या कोणासारख्या? तुम्ही मला ओळखत नाही. मी आठ वर्षं अंधेरीच्या एका स्टुडिओत परदेशी कार्टूनांना हिंदी आणि मराठी आवाज दिला आहे. काचेच्या खोलीत एकटीने उभं राहायचं, कानात मूळ ओळ, समोर पडद्यावर हलणारे ओठ. एका हुंदक्यासाठी पंधरा-पंधरा टेक दिलेत. हुंदका जमायचा, पण तोंड आधीच मिटलेलं असायचं. पुन्हा पहिल्यापासून. त्यामुळे पुरणपोळीचा हा टोमणा मला मुकाट्याने गिळता येत नाही.

तुम्ही जपानी आवाजांना 'मूळ' म्हणता. ते मूळच आहेत. पण ते आवाजही बहुतेक वेळा चित्रावरच भरले जातात, जपानी लोक त्याला 'आफुरेको' म्हणतात, म्हणजे आफ्टर रेकॉर्डिंग. फरक असा की तिथे वर्षानुवर्षांच्या रिवाजानुसार सगळे कलाकार एका खोलीत, हातात संहिता घेऊन, पाळीपाळीने माइकपुढे येतात. समोरच्याचा श्वास ऐकू येतो. इंग्रजीत नट बहुतेकदा एकटा असतो. कानात तीन बीप वाजतात, चौथा वाजत नाही, आणि त्या न वाजलेल्या बीपवर त्याने वाक्य उचलायचं. समोर कोणी नसताना भांडायचं, कोणी नसताना माफी मागायची.

आणि तोंड तर जपानी वाक्यासाठीच हलतंय. 'आरिगातो गोझाइमासु' म्हणायला जितका वेळ लागतो, त्यात 'थँक यू' दोनदा सहज बसेल. उरलेल्या वेळात ते तोंड उघडंच. मग संवाद लिहिणाऱ्याला चार शब्द जास्तीचे शोधावे लागतात, तेही स्वभावाला धरून, आणि कुणाला शंकाही न येता. तुम्हाला जे 'घुसडलेलं' वाटतं त्यातलं पुष्कळसं इथून येतं. (सगळं नाही. भाताच्या ओनिगिरीला डोनट म्हणणाऱ्या 'पोकेमॉन'ची बाजू मी कुठेही घेतलेली नाही. लेख पुन्हा वाचा.)

'काउबॉय बिबॉप' ही मालिका घ्या. मेरी एलिझाबेथ मॅकग्लिनच्या दिग्दर्शनाखाली स्टीव्ह ब्लमने नायक स्पाइकला जो इंग्रजी आवाज दिला, तो मूळ जपानी आवाज देणाऱ्या कोइची यामादेराची नक्कल नाही. यामादेरा ग्रेट आहेच. ब्लमचा स्पाइक मात्र जास्त थकलेला आहे, वाक्य संपवायचाही त्याला कंटाळा येतो, आणि संगीतकार योको कान्नोच्या त्या जॅझवर ते इतकं शोभतं की मला दोन्ही हवेत. पाचव्या भागात चर्चमध्ये जुना वैरी व्हिशससमोर उभा असतानाचं त्याचं बोलणं डोळे मिटून ऐका. ऐकलंय कधी? प्रतिक्रियेवरून वाटत नाही.

माझे वडील, आमचे दादा, निवृत्त इंग्रजीचे मास्तर. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर काही दिवस त्यांना पडद्याखालची अक्षरं वाचता येत नव्हती. तेव्हा मी 'स्पिरिटेड अवे' इंग्रजीत लावला. त्यातली चेटकीण युबाबा आणि तिची जुळी बहीण झेनिबा, दोघींना सुझान प्लेशेटचाच आवाज आहे. एक वसकन अंगावर येते, दुसरी मायेने जवळ बसवते. दादांनी निम्म्या सिनेमानंतर विचारलं, "ही तीच बाई ना गं? पण हिचं मन वेगळं आहे." अक्षर न वाचता, चित्र धूसर दिसत असताना, फक्त कानांनी त्यांनी हे ओळखलं. तुमच्या हिशेबाने दादांनी तो सिनेमा पाहिलेलाच नाही. हे वाक्य त्यांच्यासमोर उच्चारून दाखवा.

सबटायटल वाचणाऱ्यांशी माझं भांडण नाही, मीही वाचते. पण तेही भाषांतरच असतं, आणि ओळी वाचत असताना चेहऱ्यावरची नजर खाली जाते. एवढंच मी मागच्या लेखात म्हटलं होतं. त्यावर तुम्ही एक अक्षर लिहिलं नाही.

पुढची प्रतिक्रिया नावानिशी द्या, मुद्द्यावर द्या, मी सविस्तर उत्तर देईन. 'तुमच्यासारख्यांनी'ने सुरू होणारी इथे दिसणार नाही.