तुमचे कान अजून तयार नाहीत

माझ्या कानांना आजवर कुणी नावं ठेवली नव्हती. अक्षराला ठेवून झालीत, चालण्याला ठेवून झालीत, गाडी लावण्याच्या पद्धतीला तर घरच्यांनीच ठेवलीत. कान तेवढे वाचले होते. परवा तेही गेले. एका सर्वस्वी अनोळखी गृहस्थांनी जुन्या स्पीकरच्या जोडीसमोर माझ्याकडे कणवेने पाहत सांगितलं, "तुमचे कान अजून तयार नाहीत."

आणि स्पीकर मला मिळाले नाहीत.

हवं होतं ते अगदी साधं. अभ्यासाची छोटी खोली, टेबल, टेबलासमोर पुस्तकांची फळी. त्या फळीवर दोन स्पीकर आणि शेजारी बेताच्या किमतीचा एक अँप्लिफायर. नवीन चांगलं परवडत नाही आणि नवीन परवडतं ते ऐकवत नाही, म्हणून जुनं. एवढंच.

पण जुन्याच्या बाजारात नुसतं "एवढंच" असं काही मिळत नाही. तिथे दंतकथा मिळतात आणि त्यांच्यासोबत थोडं सामान येतं. बीबीसीच्या एलएस३/५ए या स्पीकरचंच घ्या. सत्तरच्या दशकात बीबीसीने तो बाहेरच्या प्रक्षेपणाच्या गाड्यांत बसणाऱ्या इंजिनियरांसाठी बनवला. गाडीत जागा नसते, म्हणून जेमतेम फूटभर उंचीचा. माझ्याही खोलीत जागा नाही, म्हणजे माझ्यासाठीच बनवलेला, असं मला वाटलं. किंमत ऐकल्यावर कळलं की त्यापेक्षा गाडी घ्यावी आणि तिच्यातच बसून ऐकावं. अँप्लिफायरमध्ये एनएडी ३०२०चं नाव निघतं. हा १९७८चा, कागदावर चॅनेलमागे (म्हणजे एकेका स्पीकरसाठी) फक्त २० वॉटचा, मुळात बेताचे पैसे असणाऱ्यांसाठी काढलेला. काढणाऱ्यांनी गरिबांचा विचार केला होता, विकणारे आता त्याची भरपाई करून घेताहेत.

वॉटवरून आठवलं. "२० वॉट? त्यात काय होणार?" असं मला ओळखीतल्या जवळजवळ प्रत्येकाने विचारलंय. दोष त्यांचा नाही. प्लास्टिकच्या डब्यांवर पीएमपीओच्या, म्हणजे क्षणभराच्या कमाल ताकदीच्या, नावाने हजार-हजार वॉट छापलेले बघत आपण मोठे झालो. त्यातला अडॅप्टर मोबाइलच्या चार्जरएवढा, तरी डबा हजार वॉटचा! अमेरिकेत या थापा इतक्या वाढल्या की १९७४ साली फेडरल ट्रेड कमिशनला अँप्लिफायरची ताकद कशी मोजायची आणि कशी छापायची याचा नियम करावा लागला. खरी गोष्ट अशी की टेबलाशी बसून हातभर अंतरावरून ऐकायला एक वॉटसुद्धा भरपूर होतो. वॉट दुप्पट केले की आवाज ३ डेसिबलने वाढतो, म्हणजे शेजारच्या खोलीतून "जरा वाढवलास का?" एवढा प्रश्न येईल, त्यापलीकडे काही नाही. पण हे सांगायला गेलं की लोक असं बघतात, जणू पैसे नाहीत म्हणून तत्त्वज्ञान काढलंय. पैसे नाहीत हे खरंच आहे, पण म्हणून गणित खोटं ठरत नाही.

तर परवा एका घरी जोडी बघायला गेलो. विकणारा मुलगा तिशीतला, सालस, घर बदलायचं म्हणून सामान कमी करत होता. त्याच्याबद्दल माझी तक्रार एकच, की त्याने शेजारच्या काकांना खोलीत बसू दिलं.

काका शिडी परत करायला आले होते. शिडी भिंतीला टेकून उभी होती आणि काका खोलीतल्या एकुलत्या एक खुर्चीत बसले होते. ही खुर्ची दोन्ही स्पीकरच्या बरोबर मध्ये होती. ज्यांना माहीत आहे त्यांना माहीत आहे: स्टिरिओची सगळी जादू त्या एका जागेवर. दोन्ही स्पीकर कानापासून सारख्या अंतरावर असले तरच गाणारा मधोमध उभा राहतो, तबला डावीकडे, तंबोरा मागे, असं चित्र दिसतं. फूटभर सरकलं की चित्र विस्कटतं. म्हणजे ज्याला विकत घ्यायचं होतं तो दाराशी उभा आणि ज्याला शिडी द्यायची होती तो जादूच्या मधोमध.

"बसा ना," काका म्हणाले. बसायला दुसरं काही नव्हतं.

"कुठे ठेवणार?" त्यांनी चौकशी सुरू केली.

"पुस्तकांच्या फळीवर."

काकांनी डोळे मिटून घेतले. "गुदमरतील हो. स्पीकरला श्वास लागतो."

मी म्हटलं, हे बंद पेटीचे आहेत, मागे भोकच नाही. भोक मागे असतं तर भिंतीला चिकटवल्यावर खालचे सूर घुमले असते, ते मलाही नको होतं. म्हणून तर बंद पेटी शोधत होतो. एडगर विलचुर नावाच्या अमेरिकन माणसाने १९५४मध्ये पेटीत कोंडलेल्या हवेचीच स्प्रिंग करून दाखवली, तेव्हापासून छोट्या पेटीतूनही भरदार...

"चोपन्न सालचं मला सांगू नका," काका म्हणाले. "चोपन्न साली मी होतो."

यावर काय बोलणार! काका उठले (मला वाटलं खुर्ची सुटली), स्पीकरपाशी गेले, डॉक्टर पाठ ठोकतात तशी दोन बोटांनी पेटी ठोकली, कान लावला, "हं" म्हणाले आणि परत येऊन खुर्चीतच बसले.

मी मुलाला जाळी काढायला सांगितली.

"कशाला?" काका. "गायकाला ऐकताना तुम्ही त्याचा घसा उघडून बघता का?"

मुलाने बिचाऱ्याने काढली. मोठ्या कोनाच्या, म्हणजे हलून आवाज काढणाऱ्या शंकूसारख्या पडद्याच्या, भोवती फोमची जी गोल कड असते, ती वरून ठीक दिसत होती. खाली वाकून पाहिलं तर घड्याळात सहा असतात त्या जागी बोटभर चीर. कडेला हळूच बोट टेकवलं आणि बोटाच्या टोकाला काळी, चिकट भुकटी आली. ती नखात गेली की साबणालाही दाद देत नाही. हा फोम वापरा वा न वापरा, हवेतल्या दमटपणाने वर्षानुवर्षं आतून विरत जातो. मग कधीतरी जोरात ढोल वाजतो आणि कड फाटून कोन फडफडायला लागतो. रबरी कडा असलेले स्पीकर यात पुष्कळ टिकतात. यात लाज वाटण्यासारखं काही नाही, नवीन फोम मिळतो, धीर असला तर घरीसुद्धा चिकटवता येतो. फक्त तेवढे पैसे किमतीतून कमी व्हायला हवेत. मी बोट पुढे करून तेवढंच म्हणत होतो.

काकांनी माझं बोट बघितलं. "तो मुरलाय," ते म्हणाले.

अँप्लिफायरची पाळी आली. आधी मागची पट्टी वाचली. हे मी सगळ्यांना सांगतो, कुणी ऐकत नाही: जपानमध्ये घरात १०० व्होल्टची वीज असते. तिथल्या बाजारासाठी बनलेला देखणा अँप्लिफायर ट्रान्सफॉर्मरशिवाय २३० व्होल्टला लावला तर त्याची मैफल तिथेच संपते. याच्यावर २४० छापलेलं होतं, हायसं वाटलं. आवाजाचा खटका फिरवला तर खर्र खर्र झालं. आतल्या पट्टीवर गंज किंवा धूळ, कॉन्टॅक्ट क्लीनरचा फवारा मारून खटका मागेपुढे फिरवला की बहुतेक वेळा जातं.

"हे पोत आहे," काका म्हणाले. "नव्या मशीनमध्ये हे मिळत नाही." नव्या मशीनमध्ये हे मिळत नाही, हे मात्र खरं होतं.

मग मी खिशातून मल्टिमीटर, म्हणजे वीज मोजायचं यंत्र, काढला. स्पीकरच्या वायरी सोडवून, गाणं बंद असताना त्या टोकांवर डीसी व्होल्टेज किती येतंय ते बघायचं असतं. ५० मिलिव्होल्टच्या आत असेल तर साधारण चिंता नाही. एखादा ट्रान्झिस्टर गेलेला असला तर तिथे कित्येक व्होल्ट येऊ शकतात आणि स्पीकरची कॉइल जळते. पण मीटर बघून काकांच्या चेहऱ्यावर जे दुःख उमटलं ते मी विसरणार नाही.

"संगीताला मीटर लावणारा माणूस मी आज पाहिला," ते मुलाला म्हणाले. मला नाही, मुलाला. मी खोलीत नसल्यासारखं.

मीटरवर तीसच्या आसपास आकडा आला. उत्तम. "मी म्हटलं नव्हतं?" काका म्हणाले. त्यांनी काहीही म्हटलं नव्हतं.

समोर लाउडनेसचं बटण होतं, ते बघून मी खूश झालो. रात्री हळू आवाजात ऐकताना खालचे सूर आधी गायब होतात, कारण हळू आवाजात माणसाचा कानच ते कमी ऐकतो. हे फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३मध्ये मोजून दाखवलंय. ती तूट भरून काढायला ते बटण असतं. "ते बहिऱ्यांसाठी असतं," काकांनी निकाल दिला. अभ्यासाच्या खोलीत मध्यरात्री मोठ्याने लावून घरातल्यांच्या शिव्या खाण्यापेक्षा मी बहिरा बरा.

वायरी होत्या तशाच परत जोडल्या आणि शेवटी गाणं लागलं. एका बाईंचा आवाज, मागे थोडी वाद्यं. मी दारातून ऐकलं, मग काकांच्या डोक्यामागे उभं राहून ऐकलं, शेवटी त्यांच्या खांद्यावरून वाकून त्यांच्या कानाशेजारी कान नेला. काहीतरी चुकत होतं. खालचे सूर जवळजवळ नव्हतेच आणि बाईंचा आवाज जागेवर ठरत नव्हता. मी मोनोचं बटण दाबलं. मोनोत दोन्हीकडून एकच आवाज येतो, तेव्हा बाईंनी सरळ मधोमध येऊन उभं राहायला हवं. त्या आल्या नाहीत. भिंतीवर, छताला, माझ्या डोक्याच्या मागे कुठेतरी तरंगत राहिल्या.

"बघा!" काका कुजबुजले. "खोलीभर आहे. कुठून येतंय ते कळतच नाही. हीच या जोडीची खासियत."

मी स्पीकरच्या मागे वाकून पाहिलं. डाव्या स्पीकरला लाल वायर काळ्या टोकाला आणि काळी लाल टोकाला लावलेली. म्हणजे एक कोन हवा पुढे ढकलत होता तेव्हा दुसरा मागे ओढत होता, आणि खालचे सूर आपसात मारामारी करून मरत होते. मी वायर बदलायला हात घातला, तेवढ्यात काकांनी माझं मनगट धरलं. खुर्चीतून उठून, आवेशाने.

"हात लावू नका! इतकी वर्षं त्यांचं जुळलंय."

"अहो, वायर उलटी आहे."

"उलटी आहे म्हणूनच तर..." काका थांबले. मग आवाज खाली आणून, पोरक्या मुलाला समजवावं तसं त्यांनी ते कानांबद्दलचं वाक्य उच्चारलं. मुलगा जमिनीकडे बघत होता. मी फोमचे पैसे वजा करून किंमत सांगितली आणि निघालो. माझ्यानंतर काकाही निघाले. जिन्यात वळून पाहिलं तर शिडी त्यांच्या खांद्यावर होती.

रात्री मुलाचा मेसेज आला. स्पीकर काकांना दिले, शेजारधर्म, नाही म्हणवेना. माझ्या किमतीपेक्षा कमीत! अँप्लिफायर मात्र तुम्हीच घ्या, काकांना तो नकोय, त्याला मीटर लागलाय.

इथे मला हसू यायला हवं, येत नाही. या माणसाने माझ्या कानांची बदनामी करून भाव पाडला आणि माल उचलला, आणि तो सगळा वेळ माझ्याकडे दयेने बघत होता. या छंदात हे सर्रास चालतं. फाटका फोम, सुकलेले कपॅसिटर, उलटी वायर, यांबद्दल तोंड उघडा की समोरचा तुमच्या रसिकतेवर येतो. त्याने एकदा "ऐकणाऱ्याला कळतं" म्हटलं की तुमचा मल्टिमीटर खिशात. बरं, वरचे बारीक सूर वयाबरोबर पहिले जातात हे निसर्गाचं आहे. चोपन्न साली जे होते त्यांनी तरी कान हा विषय काढू नये.

अँप्लिफायर मी घेतला. खरखर गेली. सध्या हेडफोन लावून ऐकतो.

काल काकांचा फोन आला. नंबर मुलाने दिला असणार.

"तुम्ही त्या दिवशी मागे काहीतरी केलंत," त्यांनी सुरुवातच अशी केली. "नातवाने घरी आणून जोडले, तेव्हापासून आवाज आखडलाय. बाई मधोमध उभ्या राहतात, हलत नाहीत. आणि ढोल फार येतो."

नातू हुशार निघाला. त्याने लाल ते लालला लावलं होतं. मी क्षणभर विचार केला आणि म्हटलं, "काका, सोपं आहे. एका स्पीकरची लाल आणि काळी वायर अदलाबदल करा. पूर्वीसारखा पसरेल."

"कुठल्या स्पीकरची?"

"कुठल्याही. एकाच बाजूची करायची."

पलीकडे शांतता. हे त्यांना पटलेलं नव्हतं. "तसं कसं? डाव्याची केली तर जास्त सुरेल येईल की उजव्याची?"

"डाव्याची," मी म्हणालो. "उजव्याने जरा कोरडा होतो."

"हां," काका म्हणाले. "मलाही तेच वाटत होतं."