त्याला शिकवलं कुणी होतं?

बेळगावच्या औद्योगिक भागात, उद्यमबाग असो, मच्छे असो की होनगा, कारखान्यात अपघात झाला की संध्याकाळपर्यंत एकच वाक्य सगळीकडं फिरतं : पोराचं लक्ष नव्हतं. मालक म्हणतो, कंत्राटदार म्हणतो. वाईट याचं वाटतं की चहाच्या गाड्यावर शेजारच्या कारखान्यातले कामगारही तेच म्हणतात. त्या मशीनवर उभं करण्याआधी त्याला कुणी शिकवलं होतं का, हे मात्र कुणी विचारत नाही.

मी इथल्या मशीन शॉपमध्ये आणि फाउंड्रीत, म्हणजे लोखंड वितळवून वाळूच्या साच्यात ओततात तिथं, बरीच वर्षं काढलीत. पॉवर प्रेसवर, म्हणजे पत्रा दाबून आकार देणाऱ्या मशीनवर, दोन बटणं असतात. दोन्ही हातांनी ती एकदम दाबल्याशिवाय रॅम, म्हणजे वरून दाबणारा जड भाग, खाली येत नाही. हात बटणांवर अडकलेले, म्हणजे रॅमखाली जायचा प्रश्नच नाही. एका कारखान्यात डावं बटण चिकटपट्टी गुंडाळून कायमचं दाबून ठेवलेलं मी पाहिलंय. एक हात मोकळा राहिला की पीस पटापट निघतात, शिफ्टचं प्रॉडक्शन वाढतं. खानापूरकडचा एक पोरगा तिथं हेल्पर होता. ऑपरेटर रजेवर गेला म्हणून त्याला प्रेसवर बसवलं. "बघून घे की, जमतंय," एवढंच प्रशिक्षण. दोन बोटं गेली त्याची. आणि रजिस्टरात 'सुरक्षा प्रशिक्षण मिळाले' म्हणून त्याची सही तयार! कामावर लागला त्याच दिवशी बाकीच्या कागदांबरोबर घेतलेली.

या सहीला प्रशिक्षण म्हणायचं नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

आणि हे नुसतं माझं मत नाही. भोपाळच्या वायुदुर्घटनेनंतर 1987 मध्ये कारखाने अधिनियमात कलम 7अ घातलं गेलं. कामगारांना सुरक्षेची माहिती देणं, शिकवणं, प्रशिक्षण आणि देखरेख, ही सगळी जबाबदारी त्यानं कारखान्याच्या भोगवटादारावर, म्हणजे मालकावर टाकली. कामगार कंत्राटदाराचा असला तरी ती टळत नाही. 21 नोव्हेंबर 2025 पासून त्या जुन्या कायद्याच्या जागी कामगारांच्या सुरक्षेची नवी संहिता लागू झाली, तिच्यातही हे कर्तव्य तसंच आहे. वर सुरक्षेच्या सोयींसाठी कामगाराकडून पैसे घ्यायचे नाहीत, असंही आहे. तरी बूट-हेल्मेटचे पैसे पगारातून कापणारे आहेतच.

शिकवायचं म्हणजे काय शिकवायचं? हातमोज्यांचंच बघा. फेटलिंगला, म्हणजे ओतलेले भाग घासून साफ करायच्या कामात, गरम, धारदार कास्टिंग उचलताना ते पाहिजेतच. पण तेच हातमोजे घालून ड्रिल मशीनवर उभं राहिलात तर फिरणारं ड्रिल मोज्यासकट हात ओढून घेतं. 'हातमोजे वापरा' असा बोर्ड लावून हा फरक कसा कळणार?

भट्टीचं तर विचारूच नका. आपल्याकडचा पाऊस कसा असतो ते सगळ्यांना ठाऊक आहे. जून-जुलैत स्क्रॅप उघड्यावर भिजत पडलेलं असतं. ते न वाळवता वितळलेल्या लोखंडात टाकलं, की पाण्याची क्षणात वाफ होते, हजारपटीहून जास्त फुगते आणि तापलेला रस उसळून अंगावर येतो. भट्टीवाल्या जुन्या माणसाला हे माहीत असतं, काल लागलेल्याला नसतं. वाळूच्या धुळीचंही तसंच. तोंडाला रुमाल बांधून सिलिका अडत नाही, बारीक कण थेट फुफ्फुसात जातात. सिलिकोसिस, म्हणजे या धुळीनं होणारा फुफ्फुसाचा आजार, एकदा झाला की बरा होत नाही.

भाषेचा मुद्दा इथं काढला की लोक लगेच सीमावादावर जातात. कृपा करून तिकडं नेऊ नका. एका शेडमध्ये कन्नड, मराठी आणि हिंदी बोलणारे, बिहार-ओडिशाकडून आलेलेही, शेजारी शेजारी काम करतात. कारखान्यातल्या सूचना बहुसंख्य कामगारांना समजणाऱ्या भाषेत पाहिजेत, हे 1948 च्या कारखाने अधिनियमातच लिहिलं होतं. मी म्हणतो, बहुसंख्यच का? भट्टीजवळ उभ्या असलेल्या प्रत्येकाला कळलं पाहिजे.

लहान मालकांची अडचण मला दिसते. जॉबवर्कचे दर पडलेत, पेमेंट महिनोन् महिने अडकतं. खरं, ती चिकटपट्टी काढायला किती खर्च येतो? ताडपत्री टाकून स्क्रॅप कोरडं ठेवायला? आणि एकट्याला ट्रेनर परवडत नसेल तर गल्लीतल्या पाच-सहा शेडनी मिळून एक ठेवा. ऑर्डर आली की एकमेकांच्या मशीनवर काम करून घेताच की.

4 मार्चला सुरक्षा दिन येतो. बॅनर लागतो, शपथ होते, फोटो निघतात. त्या दिवशी मशीन तासभर बंद ठेवा आणि नवीन पोरांना एमर्जन्सी स्टॉप स्वतःच्या हातानं दाबायला लावा.

आणि कामगार बांधवांनो, पुढचा अपघात झाला तर त्याचं लक्ष कुठं होतं हे नंतर विचारा. त्याला कुणी शिकवलं, कधी, कुठल्या भाषेत, आणि मशीनचा सुरक्षा गार्ड कुणाच्या सांगण्यावरून काढला, हे आधी विचारा. मालकासमोर विचारा.